नारळाचं पाणी प्यालेला डबा

दसरा झाला की पुढचे काही दिवस मी दुकान सोडून कुठंच जात नाही. बायको म्हणते, माझ्या भावाकडं जाऊन येऊ. मी म्हणतो, दिवाळीनंतर. कारण दसऱ्याला आपल्या वर्धा जिल्ह्यात घरात जे जे यंत्र म्हणून आहे त्याची पूजा होते. विळा, कुऱ्हाड, फवारणीचा पंप, शिलाई मशीन, मोटारसायकल यांचं त्यानं काही बिघडत नाही. पण आता टीव्हीखालचा डिशचा डबाही पूजेला बसतो. त्याच्या पाठीवर हवा जायला जाळी असते. बायाबापड्या त्या जाळीवर हळदकुंकवाची बोटं ओढतात, फूल ठेवतात, आपट्याचं पान ठेवतात. ते पान सुकून आत घसरते. दुसऱ्या दिवशी डबा माझ्या टेबलावर. मी झाकण काढतो तर आत देवघर.

मी हसतो, पण कोणाला रागावत नाही. मीही दसऱ्याला माझ्या सोल्डरिंगच्या कावियाला हळदकुंकू लावतोच. ज्यानं पोट भरते त्याला माणूस हात जोडणार.

मी सिंदी मेघेतला टीव्हीचा मिस्त्री. शाळा चौथीपर्यंत, तीही गुरुजींच्या मेहेरबानीनं. इंग्रजी मला वाचता येत नाही. आकडे येतात आणि अक्षरांचे चेहरे ओळखता येतात, तेवढ्यावर आयुष्य गेलं. लोक म्हणतात, आता दुरुस्तीचा जमाना राहिला नाही, बिघडलं की फेकायचं. म्हणू द्या. "होत नाही" हे दोन शब्द माझ्या तोंडून लवकर निघत नाहीत. बायको याला हट्ट म्हणते. मी याला धंदा म्हणतो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. छतावरची छत्री आकाशातून येणारं पकडते, वायर ते खाली आणते आणि डबा त्यातून चित्र आणि आवाज वेगळे करून टीव्हीला देतो. तक्रारी ठरलेल्या असतात. निम्म्या तक्रारी वांदरांच्या. वांदर येते, छत्रीच्या काठावर झोका घेते, छत्रीचं तोंड फिरते आणि खाली मालिका बंद. आमच्याच सिंदी मेघेतल्या एका रिटायर्ड साहेबांनी वांदरं बसू नयेत म्हणून छत्रीला बायकोची जुनी जरीची साडी गुंडाळली. मग मला फोन: "मिस्त्री, छत्री हलली नाही तरी चित्र नाही." मी वर गेलो, पाहिलं, आणि साडी सोडून घडी करून वहिनींच्या हातात दिली. त्या साडीवरून खाली काय झालं ते मी ऐकत बसलो नाही.

पण खरा कस लागतो तो डब्याची चिप गेली की. डब्याच्या आत सर्किटची हिरवी पट्टी असते, तिच्यावर तुरीच्या दाण्याएवढा एक काळा तुकडा असतो, आठ पायांचा. आम्ही त्याला मेमरी म्हणतो. डब्याला जे जे ठाऊक आहे ते सगळं त्यात भरलेलं असते: जागं कसं व्हायचं, रिमोटचं कसं ऐकायचं, कोणत्या नंबरवर कोणतं चॅनेल. ती जळली की डब्यावर लाल दिवा लागतो आणि पुढं काही नाही. जसा माणूस डोळे उघडून पडला आहे, पण हाक मारली तर ओळखत नाही. नवीन चिप कोरी मिळते. तिच्यात दुसऱ्या चांगल्या डब्यातली नक्कल भरून ती बसवावी लागते. बसवणं अवघड नाही. बसवल्यावर जे सुरू होते ते अवघड.

अल्लीपूरचे डोमाजी हे बसचे जुने कंडक्टर. गावात अजून सगळे त्यांना मास्तर म्हणतात. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले. बायको वारली, मुलगा पुण्याला कंपनीत. घरात ते आणि सून सुनंदा. सुनंदा अंगणवाडीत मदतनीस, सकाळी जाते ती दुपारी येते. तोवर घरात मास्तर आणि डबा.

दसऱ्यानंतर सुनंदा डबा घेऊन दुकानात आली. पदराखाली झाकून आणला होता, जसं आजारी लेकरू आणतात. झाकण काढलं तर आत चिकट पाणी वाळलेलं आणि खोबऱ्याचा वास.

"बाई, यात नारळ फोडला का?" मी विचारलं.

ती तोंडाला पदर लावून हसली, आणि मग हसू थांबलं. "मी पूजा केलती भाऊ, कोरडीच केलती. मी बाहेर सोनं वाटाले गेली तं मामाजीनं स्वताच्या हातानं नारय फोडला आन पानी त्याच्या डोक्यावर वतलं. म्हने, वर्षभर हाच तं बोलते माह्यासंग, याले कोरडं काऊन ठेवाव."

मी पट्टी धुतली, वाळवली. पाण्यानं एका रस्त्याचा करंट दुसऱ्या रस्त्यानं गेला होता आणि मेमरी भाजली होती. मी म्हणालो, "नवीन डबा घेतला तं आजच चालू होईल."

"मामाजी नाई म्हनते. नवा आनला तं मी त्याले हात लावनार नाई म्हनते. त्यायची बोटं याच्यावरच चालते ना भाऊ. कोनत्या नंबरवर काय आहे, सारं पाठ आहे. आता मी सकायी शेजारच्या घरून आनलेला रेडिओ लावून जाते, तं मी येतपर्यंत तोच. त्याची बटनं त्यायले समजत नाई. बंद करा लागला तरी कोनाले तरी हाक मारा लागते. त्यायले हाक मारनं जमत नाई." तिनं डब्यावरून हात फिरवला. "जेवनच कमी केलं त्यायनं."

मग नवीन डब्याचं नाव मी पुन्हा काढलं नाही.

तसाच दुसरा एक डबा माझ्या फळीवर होता. तेच झाकण, तीच बटणं, तसाच रिमोट. त्यातली नक्कल काढली, कोऱ्या चिपेत भरली, चिप बसवली. डबा जागा झाला. चित्र काय सुंदर! मी मनात स्वतःची पाठ थोपटली आणि डबा पिशवीत घालून अल्लीपूरच्या बसमध्ये बसलो. घरपोच जायचं काही कारण नव्हतं, आणि दसऱ्यानंतर मी दुकान सोडतही नाही. पण या कंडक्टरला एकदा पाहावं वाटलं.

मास्तर बाजेवर ताठ बसले होते. डोळ्यावर काळा चष्मा, अंगात इस्त्रीचा सदरा. मी वायरी जोडल्या, टीव्ही लावला आणि सवयीनं बोलून गेलो, "पाहा मास्तर, कसं झकास चित्र आलं."

"मले दाखवून राह्यला का?" मास्तर म्हणाले.

सुनंदा चटकन आत निघून गेली. मी रिमोट घेऊन आवाज वाढवला. आवाज नाही. टीव्हीचा वाढवला. नाही. वायर काढून पुन्हा खोचली, टीव्हीच्या मागची दुसरी भोकं पाहिली. चित्रातली बाई तोंड उघडझाप करत होती आणि घरात शांतता.

"मिस्त्री," मास्तर म्हणाले, "तुया दुकानात हे चालू होतं म्हनते?"

"होतं."

"आवाजासगट?"

मी वायर सोडवायला लागलो. आता हे मिस्त्री लोकांशिवाय कोणाला समजणार नाही. माझ्या टेबलावरच्या टीव्हीचा स्पीकर मी कितीतरी वर्षांपासून तोडून ठेवला आहे. दिवसभर डब्यांमागून डबे लावायचे, तेच जाहिरातीचं गाणं, तेच तेल, तोच साबण, डोकं फिरते. आम्हा सगळ्यांच्याच टेबलावर असा मुका टीव्ही असतो. चित्र आलं की डबा झाला. आजवर या मुक्या टीव्हीनं मला कधी धोका दिला नव्हता, कारण आजवर माझं कोणतंच गिऱ्हाईक फक्त कानानं टीव्ही पाहणारं नव्हतं.

"वापस नेतो," मी म्हणालो.

"ने. पन तिकिट दोन्ही डाव तुयंच."

हिंगणघाटचे रशीदभाई हे आमच्या धंद्यातले मोठे आधार. वयानं माझ्याहून लहान, पण चिपा भरायचं यंत्र मला त्यांनीच शिकवलं. मला कॉम्प्युटरच्या पडद्यावरचं वाचता येत नाही म्हणून त्यांनी कोणत्या चौकोनावर कधी दाबायचं ते रंगांनी पाठ करून दिलं. एकदाही कंटाळले नाहीत. त्यांना फोन लावला.

"चित्र है, आवाज नहीं," मी सांगितलं.

"चाचा, डब्बे का थोबडा देख के नक्कल डाली ना?"

"मंग काय पाहाचं?"

"अरे, दो भाई एक जैसे दिखते, तो क्या एक की बीवी दूसरे के घर भेजते? पट्टी का नंबर मिलाओ. आवाज का रस्ता हर पट्टी में अलग रहता."

फोनवर हसत होते, पण संध्याकाळच्या आत त्यांनी त्याच पट्टीची नक्कल शोधून पाठवली. त्यांच्याकडंही नव्हती, त्यांनी आर्वीच्या कोणाला विचारलं, त्यानं आणखी कोणाला. आमच्यात रीत आहे, नक्कल मागितली तर नाही म्हणायचं नाही. तो कोण शेवटचा माणूस होता ज्यानं आपल्या दुकानात बसून ती काढली, मला अजून माहीत नाही. त्याला इथूनच रामराम. मी टेबलावरच्या टीव्हीचा स्पीकर जोडला आणि आवाज ऐकूनच डबा पिशवीत घातला.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा सुनंदा कामावर गेलेली होती. डबा लावला. आवाज आला, खणखणीत. मास्तरांचा चेहरा उजळला. त्यांनी हात पुढं केला, मी रिमोट दिला. अंगठ्यानं बटणं चाचपली आणि पाच दाबलं. कसल्यातरी सिनेमातल्या मारामारीचा आवाज आला. दुसरं दाबलं. बाई क्रीम विकत होती. आणखी एक. कोणत्या दक्षिणेकडच्या भाषेतल्या बातम्या.

त्यांनी रिमोट बाजेवर ठेवला. "हा माहा डबा नाई."

"तुमचाच आहे मास्तर. मीच आतून सारा धुतला."

"मंग माहे नंबर कोठी गेले?"

"जुन्या चिपेत होते. ते जयले. ही दुसऱ्या कोनाच्या डब्याची नक्कल आहे, त्याच्या नंबरायची."

"म्हनजे दुसऱ्याच्या घरात बसवलं तू मले." ते सावकाश म्हणाले. "सुनंदा लावून जाईन ते आयकाचं. ते संपलं तं दुसरं काय लागते ते आयकाचं. रेडिओत आन यात मंग फरक काय राह्यला?"

मी म्हणालो, मुलाला फोन करा, क्रम त्यानंच लावला होता ना. फोन केला. मुलगा म्हणाला, "बाबा, मले काय याद हाय? तवा लावून देल्ला होता." चांगला मुलगा आहे, त्यानं नवीन डबा पाठवतो म्हटलं. मास्तरांनी फोन माझ्याकडं दिला आणि तोंड भिंतीकडं केलं.

मी बसून राहिलो. जाता आलं असतं. डबा चालू होता, चित्र होतं, आवाज होता, माझं काम मिस्त्री म्हणून संपलं होतं. पण पाय निघेना. मी म्हणालो, "मास्तर, तुमाले तं याद हाय ना?"

"मले काय याद नाई? सारी लाईन पाठ हाय."

"मंग सांगा. मी लावतो."

ते वळले. आणि माणसानं जुन्या रुटवरचे थांबे सांगावेत तसं त्यांनी सुरू केलं. "एकवर बातम्या. दोनवर किरकेट. तीन, चार सिनेमे, थ्या दोनीवर मी उतरतच नाई, पन राहू दे. पाचवर भजन..." मी एकेक चॅनेल पुढं ढकलायचो, ते दोन क्षण आवाज ऐकायचे आणि सांगायचे, हे अमुक नंबरवर. माणूस बोलायच्या आधी, नुसत्या घंटीवरून ओळखायचे. "याची घंटी फुटकी हाय, हे शेतीचं. आठवर टाक." मध्येच म्हणायचे, "हे कोन नवं पाशिंजर चढलं? याले उतरव." मला हसू यायचं आणि बोटं चालत राहायची. क्रम पूर्ण झाला तेव्हा आम्ही दोघंही घामाघूम. मास्तरांनी दाबून पाहिलं. पाच. भजन. आठ. शेती. "बराबर," ते म्हणाले आणि त्यांनी माझा गुडघा चाचपून त्यावर हात ठेवला.

तेवढ्यात लाईन गेली.

अल्लीपूरला लाईन जाते, येते, त्यात काही नाही. थोड्या वेळानं आली. डबा जागा झाला. मास्तरांनी पाच दाबलं.

मारामारी.

मास्तर रागावले असते तर बरं झालं असतं. चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसू लागले. त्या चष्म्याला पुसून काय होणार होतं?

आता मिस्त्रीची परीक्षा होती. चॅनेल दिसते, ऐकू येते, क्रम लागतो, पण लाईन गेली की विसरते. म्हणजे मेमरी वाचू देत होती, लिहू देत नव्हती. त्या आठ पायांत एक पाय कडीसारखा असतो. कडी लागली की आतलं बदलता येत नाही. आपण लावलेलं नुसतं वरवर राहते आणि करंटबरोबर जाते. मी पिशवीतून घड्याळजीचं भिंग काढलं, झाकण उघडलं आणि दारातल्या उन्हात पट्टी धरली. तोच पाय. कथिलाचा टाका चमकत होता, पण पाय त्याच्यावर नुसता टेकला होता, धरलेला नव्हता. पायाखाली केसाएवढी फट.

"काय सापडलं?" मास्तरांनी विचारलं.

"टाका कच्चा राह्यला होता."

"कोनाचा?"

"ते इचारू नोका."

"म्या इचारलंच कोठी," मास्तर म्हणाले, आणि पहिल्यांदा थोडे हसले.

कावियाही मी जवळ ठेवतोच. प्लगला लावला, तापू दिला. कोपर उंबरठ्यावर टेकवलं, श्वास धरला आणि टाका दिला. सुईनं ढकलून पाहिलं. हलला नाही. पट्टी आत, झाकण वर, वायरी जाग्यावर.

"पुन्ना सांगा मास्तर."

"सारं?"

"सारं."

मला वाटलं, ते कंटाळतील. पण ते बाजेवरून उठून खाली माझ्याजवळ येऊन बसले. "आता आयक," म्हणाले. "थो पयला क्रम माह्या पोराचा होता. त्याले किरकेट पायजे, म्हून दोनवर किरकेट. म्या घोकून पाठ केला, कारन त्यानं लावून देल्ला. आता माह्या मनानं लाव."

"मंग एकवर काय?"

त्यांनी विचार केला. "भजन एकवर. दोनवर शेती. म्या कधी शेती केली नाई, पन बोलते चांगलं. बातम्या तीनवर, आन थ्या दुसऱ्या बातम्या चारवर, म्हनजे दोघायचंही आयकता येते, कोन खोटं बोलते ते समजते. किरकेट माहिती नाई कोठी टाकाचं. टाक मांगं कोठी तरी, पोरगा येईन तवा पायजे."

ही दुसरी खेप लवकर झाली. कारण आता ते आठवत नव्हते, ठरवत होते. एखादं चॅनेल ऐकून म्हणायचे, "हे असं बी हाय? मले माहीतच नवतं. ठेव, ठेव." पहाटेच्या रागांचं एक चॅनेल सापडलं ते त्यांनी स्वतः सहावर घेतलं.

क्रम लागला. मी प्लगकडं हात नेला, तपासायला.

"थांब," मास्तर म्हणाले. "मी काढतो."

भिंतीला हात लावत ते बोर्डापाशी गेले. प्लग काढला. डबा विझला. ते तसेच हातात प्लग धरून उभे राहिले. मी लहानपणापासून कोणत्या देवाकडं काही मागितलं नाही, हट्टी माणूस, तेव्हा मागितलं. त्यांनी भोकं चाचपून प्लग पुन्हा खोचला, बाजेवर आले, रिमोट घेतला. डबा जागा होईपर्यंत थांबले. मग त्यांनी एक दाबलं.

टाळ वाजले. दोन: कोणी तुरीच्या फवारणीचं सांगत होता. तीन. चार. त्यांनी एकेक सगळे दाबले, सहावर आल्यावर थांबले आणि तिथंच ठेवलं. मी पिशवी आवरायला लागलो, तर त्यांनी हातानं बस म्हणून खूण केली. बसलो.

ही गोष्ट दिवाळी अंकासाठी लिहायला घेतली तेव्हा वाटलं, आपण कोणाकोणाचं देणं लागतो ते लिहावं. रशीदभाई, तो नाव न माहीत असलेला मिस्त्री, चौथीपर्यंत धरून ठेवणारे गुरुजी, दुकान बंद करा म्हणून कधीच न सांगणारी बायको. पण मनात सगळ्यांच्या पुढं उभे राहतात ते मास्तर, काळा चष्मा लावून, हातात प्लग धरून. माझं इतकं चुकूनही त्यांनी मला घालवून दिलं नाही, म्हणून मीही काम अर्धं टाकून निघालो नाही. तसं गिऱ्हाईक नशिबानंच मिळते.

त्या दुपारी सुनंदा कामावरून आली. चपला काढतानाच तिनं आवाज ऐकला आणि दारातच थांबली. मास्तरांनी आपल्या मनानं सहावरून तीन दाबलं, मग एक. ती माझ्याकडं पाहू लागली. मी टीव्हीकडं पाहू लागलो.

"कोनं लावून देल्लं मामाजी?" तिनं विचारलं.

"कोन लावून देईन?" मास्तर म्हणाले. "म्या लावलं."

आपल्या हातचं काम दुसऱ्याच्या नावावर मी कधी जाऊ दिलेलं नाही. त्या दिवशी मी मान हलवली आणि म्हणालो, "होय बाई, त्यायनंच लावलं." मग तिनं चहा मांडला.